झिपरीला घेऊन ओढ्याकाठी टेंट टाकला त्याची गोष्ट

कुत्र्याला घेऊन डोंगरात, तेही ओढ्याकाठी टेंट टाकून राहायचं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, जंगली प्राणी आले तर? आम्ही राहून आलो आणि माझं मत असं झालंय की प्राणीबिणी राहू दे बाजूला, सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते त्या ओढ्यासाठी. टेंट कुठे टाकायचा, दोरी किती लांब ठेवायची, कुत्रं झोपणार कुठे, हाक मारली तर त्याला ऐकू जाणार का, सगळं फिरून फिरून पाण्यापाशीच येतं.

आमची झिपरी म्हणजे मध्यम चणीची, नावाप्रमाणे अंगभर झिपऱ्या, वजन १८ किलो, आणि पाणी दिसलं की कान बंद. माणसांशी चांगली वागते, इतर कुत्र्यांशी बऱ्यापैकी, पण काहीही पळताना दिसलं की मागे धावणार म्हणजे धावणारच. हे आधीच सांगते कारण पुढचे सगळे निर्णय तिच्या स्वभावाप्रमाणे घेतलेत, तुमचं कुत्रं पाण्याला घाबरणारं असेल तर अर्धे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

जागा शोधताना बुकिंगच्या पेजवर कुत्र्याच्या पंजाचं चिन्ह असतं ना, त्यावर विसंबून पैसे भरायचे नाहीत एवढं आम्ही ठरवलं होतं. फोन करून विचारायचं. कुत्रं टेंटपाशी चालतं पण पायवाटांवर चालत नाही अशा बऱ्याच जागा असतात, विशेषतः संरक्षित जंगलाला लागून असलेल्या, तिथे कुत्र्याला फक्त गाडीरस्ता आणि टेंटची जागा एवढीच परवानगी, मग दिवसभर करायचं काय? बऱ्याच ठिकाणी दोरी ६ फुटांपेक्षा लांब चालत नाही. कुत्र्याला टेंटमध्ये एकटं सोडून जायचं नाही हा नियम तर जवळजवळ सगळीकडे असतो आणि तो योग्यच आहे, परक्या जागी कोंडलेलं कुत्रं जाळी फाडून बाहेर येतं. आम्ही विचारलं की ओढ्यात कुत्र्याला उतरवू देता का, वरच्या अंगाची जागा मिळेल का, मोबाइलला रेंज आहे का, आणि जवळचा जनावरांचा डॉक्टर किती लांब. फोनवरचे काका म्हणाले, "कुत्री चालतात हो आमच्याकडे, पण मोकळी नाही चालत, आणि घाण उचलून परत न्यायची." असं स्पष्ट बोलणारा माणूस मिळाला की मला बरं वाटतं, तिथेच बुकिंग करून टाकलं.

मग व्हेट. हे काम निघायच्या आदल्या आठवड्यात होत नाही. ओढ्याचं, डबक्याचं पाणी म्हटलं की लेप्टोस्पायरोसिस आलाच, उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात आणि ओल्या मातीत उतरतात आणि तिथे आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतात. माणसालाही होतो. कुत्र्यासाठी लस असते पण पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये २ ते ४ आठवड्यांचं अंतर, नंतर दर वर्षी एक, त्यामुळे दीड-दोन महिने आधी सुरुवात केलेली बरी. रेबीजचं सर्टिफिकेट बरोबर ठेवलं, त्याचा फोटोही मोबाइलमध्ये. गोचिडांसाठी चघळायची गोळी दिली. गळ्यातल्या बिल्ल्यावर दोन नंबर टाकले, एक आमचा आणि एक अशा माणसाचा जो रेंजमध्ये असणार आहे, कारण आमचाच फोन डोंगरात लागणार नसेल तर बिल्ल्यावर आमचाच नंबर असून उपयोग काय? हे नवऱ्याला सुचलं, श्रेय देऊन टाकते.

टेंटची सवय घरातच लावली. हॉलमध्ये टेंट उभा केला, आत तिचं अंथरूण टाकलं, खाणं आत दिलं. आधी चेनच्या आवाजाला दचकायची, मग आत जाऊन स्वतःच पसरायला लागली. नखं कापून घेतली, टेंटच्या तळावर जुनी चादर टाकायची ठरवली, कारण त्या पातळ कापडाला कुत्र्याने झोपण्याआधी चार वेळा गोल फिरून उकरलं की भोक पडणारच. शिट्टीही घरीच शिकवली. शिट्टी वाजली की धावत यायचं, आलं की तिचा सगळ्यात आवडता खाऊ, जो एरवी कधीच मिळत नाही. हे का केलं ते पुढे येईल.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि जागा इतकी देखणी की काय सांगू, दोन्ही बाजूंनी डोंगर, मधून ओढा, दगडगोट्यांवरून खळखळत येणारं पाणी आणि एका वळणावर छोटा डोह. आणि पाण्याला अगदी खेटून मऊ, सपाट वाळूचा पट्टा. तिथे बरेच टेंट आधीच लागलेले. वाळू बघून कुणालाही तिथेच पथारी टाकावीशी वाटेल. पण ती वाळू तिथे आणून टाकली कुणी? त्या ओढ्यानेच. वळणावर पाणी पसरतं, वेग कमी होतो आणि वाळू खाली बसते, म्हणजे पाणी वाढलं की तिथे येतंच येतं. खात्री करायची तर काठावरच्या झुडपांकडे बघायचं. आम्हाला फांद्यांमध्ये कमरेच्या उंचीवर सुकलेलं गवत आणि काटक्या अडकलेल्या दिसल्या. त्या उंचीवरून पाणी गेल्याची ही खूण.

आम्ही चढावर गेलो. पाण्यापासून साधारण ६० मीटर म्हणजे माझ्या पावलांनी ऐंशीच्या आसपास, हे अंतर जंगलात टेंट टाकणारे लोक तसंही पाळतात, म्हणजे भांडी, साबण, शौच यांचं काही पाण्यात जात नाही आणि रात्री-पहाटे प्राण्यांना पाण्यावर यायला वाट मोकळी राहते. आमची जागा थोडी खडबडीत होती, एक मूळ नेमकं पाठीखाली येत होतं, पण दुसराही फायदा मिळाला. डोंगराळ भागात रात्री जमीन थंड झाली की गार हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते आणि ओढ्याच्या पात्रात साचून बसते, त्यामुळे तळाशी आणि जरा वर उतारावर यांत चांगला काही अंशांचा फरक पडतो. पात्रात दवही जास्त. खालच्या टेंटांची कापडं सकाळी पिळून काढावीत अशी होती, आमची ओलसर.

झिपरीने पाणी गाडीतूनच बघितलं होतं. तिला हार्नेस म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा घातलेला, गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून पाण्यात उतरवायचं नाही हे पक्कं, कारण प्रवाहात ओढ बसली तर सगळा जोर मानेवर येतो. आधी मी एकटी खाली जाऊन काठ बघून आले. काय बघितलं, तर डोहात साचलेल्या भागावर हिरवट-निळसर रंग सांडल्यासारखी साय आहे का. असली तर कुत्र्याला चाटूसुद्धा द्यायचं नाही, त्या शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या विषाने कुत्री काही तासांत दगावतात आणि पाणी उकळलं तरी ते विष जात नाही. इथे पाणी वाहतं आणि नितळ होतं. मग खालच्या अंगाला गेले, कारण कुत्रं वाहत गेलंच तर ते तिकडेच जाणार. तिथे एक झाड आडवं पडलेलं, पाणी त्याच्या फांद्यांमधून गाळून निघत होतं. बघायला छान दिसतं पण ओढ्यातली सगळ्यात वाईट जागा तीच, पाणी पलीकडे जातं आणि प्राणी फांद्यांत दाबून अडकतो. त्यामुळे झिपरीला डोहाच्या वरच्या टोकालाच खेळवायचं, वळणाच्या खाली अजिबात नाही.

दोरीचा प्रश्न जरा किचकट आहे. काठावर ६ फुटी दोरी ठीक. पाण्यात लांब दोरी सोडली की सुरक्षित वाटतं, पण वाहत्या पाण्यात तीच दोरी दगडाच्या कपारीत अडकते आणि कुत्रं जागच्या जागी खेचलं जाऊन पाण्याखाली जातं. आम्ही काकांना विचारून शांत डोहात, गुडघाभर पाण्यात मी स्वतः उभी राहून तिला लांब दोरीवर पोहू दिलं, अंगात पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट. त्या हँडलचे पैसे एकाच वेळी वसूल झाले, शेवाळाच्या दगडावरून तिचे मागचे पाय सटकले आणि मी बॅग उचलावी तसं तिला उचललं. कुत्र्यांना पोहता येतं, पण पोहता येणं आणि गोल गुळगुळीत दगडावरून बाहेर चढता येणं यांत खूप फरक असतो.

फार वेळ पोहू दिलं नाही. डोंगरातलं पाणी ऊन असलं तरी गार असतं आणि कुत्रं थंडी वाजली म्हणून खेळ थांबवत नाही, काठी फेकणारा थांबला तरच थांबतं. शिवाय काठी तोंडात धरून पोहताना भरपूर पाणी पोटात जातं. आणखी एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती ती व्हेटने सांगितलेली, पंजे बराच वेळ पाण्यात राहिले की गादी मऊ पडते आणि मग खडीवरून धावलं की सोलवटते. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच ट्रेक नाही, आधी पंजे कोरडे करायचे, बोटांच्या मधे बघायचं, मग निवांत. प्यायला मात्र आम्ही बरोबर नेलेलं पाणीच. कुत्र्याला दिवसाला साधारण किलोमागे ५०-६० मिली लागतं, म्हणजे झिपरीला एक लिटर, चढावर चालणार असाल तर त्याहून बरंच जास्त. पोटभर स्वच्छ पाणी समोर असलं की ती ओढ्याचं कमी पिते, अगदी पीत नाही असं नाही. आमचं संपल्यावर ओढ्याचं घेऊन उकळलं, खळखळून उकळी आल्यावर पुढे १ मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर ३, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

आता आवाजाचं. कॅम्पिंगच्या फोटोंत ओढ्याचा आवाज नसतो आणि व्हिडिओत मागे गाणं असतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच येत नाही की वाहत्या पाण्याशेजारी सतत एक जाड आवाज असतो, त्याच्यात बाकीचे सगळे आवाज बुडतात. काठावर मी झिपरीच्या दहा पावलांवरून हाक मारली तर तिने मान वळवली नाही. आज्ञा मोडली असं नाही, तिला ऐकूच गेलं नाही. शिट्टी त्यासाठी. शिट्टीचा आवाज उंच आणि एका पट्टीतला असल्यामुळे खळखळाटातून आरपार जातो, हाक त्याच गदारोळात विरघळते. पहिल्यांदा फुंकली तशी ती वळून धावत आली, शेजारच्या टेंटमधली दोन मुलंही आली.

पण खरा फरक कुत्र्याच्या मूडवर पडतो. घरी झिपरी पाहुणा जिन्यात असतानाच ओळखते, दार वाजायच्या आधी शेपूट सुरू. इथे माणूस एकदम समोर उभा राहीपर्यंत तिला पत्ताच नाही, आणि वारा उलटा असेल तर वासही नाही. मग ती दचकते, दचकली की भुंकते, आणि लोक म्हणतात काय तापट कुत्रं आहे. पहिली संध्याकाळ अशीच गेली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं, आम्ही सॉरी सॉरी करतोय. नंतर तिची बैठक बदलली. टेंटच्या वरच्या बाजूला, मोठ्या दगडाच्या आड तिची चटई टाकली, पाठ दगडाला, तोंड वाटेकडे, म्हणजे येणारा लांबूनच दिसणार आणि दगडामुळे पाण्याचा आवाजही तिथे जरा कमी. अर्ध्या तासात डोकं पंजांवर टेकलं. कुणी मला ओढ्याकाठच्या कॅम्पिंगची एकच टिप विचारली तर मी हीच सांगेन, पाणी आणि कुत्र्याची झोपायची जागा यांच्यामध्ये काहीतरी आडोसा पाहिजे.

रात्रीचं सांगायचं तर कुत्र्याला बाहेर बांधून झोपणं हा विषयच नको. आत, आमच्या दोघांच्या पायाशी, तीही जमिनीवर नाही तर फोमच्या तुकड्यावर, कारण थंडी खालून चढते. त्याआधी तिला पूर्ण कोरडं करणं हा एक कार्यक्रमच असतो. वरचे केस कोरडे लागतात पण आतले मऊ केस ओलेच असतात, हात खोल घालून बघावं लागतं. हार्नेस आणि पट्टा काढून ठेवला, ओला पट्टा रात्रभर गळ्यात राहिला की त्याखाली कातडी लाल होऊन चिघळते. बिल्ला तेवढा कोरड्या दोरीत बांधला. ओल्या कुत्र्याच्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

रात्री वरच्या डोंगरावर विजा चमकायला लागल्या. आमच्या डोक्यावर चांदण्या आणि वर लांब कुठेतरी आभाळ फाटलेलं, आवाजसुद्धा येत नव्हता. ओढ्याला मात्र वरचा पाऊसही लागू असतो. नवऱ्याने संध्याकाळीच पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवली होती, तो हेडलॅम्प घेऊन वरून बघत राहिला. आधी पाणी गढूळ झालं. मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, आणि आवाज बदलला, खळखळ जाऊन घरघर झाली, दगड आपटल्यासारखी. काठी दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही खालच्या टेंटवाल्यांना उठवलं. काही जण कुरकुरले, पण उठले. वाहतं पाणी नुसतं ६ इंच असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, कुत्र्याचं तर विचारूच नका. काकाही टॉर्च घेऊन आलेच होते, त्यांनी सगळ्यांना वर आणलं. वाळूचा पट्टा पाण्याखाली गेला. आमच्यापासून पाणी बरंच खाली होतं, तरी झिपरीला हार्नेस घालून, बूट दाराशी ठेवून बसलो. झिपरी इतक्या नव्या माणसांना भेटून इतकी खूश की प्रत्येकाच्या मांडीवर जाऊन आली. दिसत असलेल्या माणसांवर ती भुंकत नाही, म्हटलं ना.

पहाटेपर्यंत पाणी उतरलं. त्या दिवशी तिला ओढ्यावर नेलंच नाही, पूर येऊन गेल्यावर गाळ, तुटक्या फांद्या, वरून वाहून आलेली घाण सगळं पाण्यात असतं. डोंगराच्या कडेने दोरीवर छोटी चक्कर मारली, उन्हं चढायच्या आत परत, कारण कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो, अंगातली गरमी धापा टाकूनच बाहेर काढावी लागते आणि दमट हवेत तेही नीट होत नाही.

परत आल्यावर गोचीड तपासणी. गोळी दिली असली तरी बघायचंच, गोळीने गोचीड चावल्यानंतर मरतो, चढायचा थांबत नाही. कानाच्या आत, काखेत, बोटांमध्ये, शेपटीखाली, पापण्यांजवळ. झिपरीच्या केसांत बोटं उलटी फिरवत बसावं लागतं, डाळीतले खडे वेचल्यासारखं. सापडला की बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश वर ओढायचा. तेल लावणं, चटका देणं असलं काही करायचं नाही, चिडला की तो पोटातलं जखमेत सोडतो. झिपरीला हा सगळा लाडच वाटतो, पोट वर करून पडली होती. मग आम्ही एकमेकांना तपासलं, नवऱ्याच्या पोटरीवर एक निघाला.

आवराआवरीत एकच गोष्ट सांगण्यासारखी, शीच्या पिशव्या. जंगलात कोल्हे-बिल्हे करतातच की, मग कुत्र्याची का उचलायची असं लोक म्हणतात. आपलं कुत्रं बाहेरून आणलेलं खाणं खातं, त्याच्या पोटातले जंतू आणि जंत त्या जागेला नवे असू शकतात, आणि पाऊस आला की सगळं ओढ्यातच जातं. आदल्या रात्री ते पाणी कुठपर्यंत पोचतं ते बघितलंच होतं. घट्ट झाकणाचा एक डबा खास त्यासाठी नेला होता, गाडीत वास आला नाही.

घरी आल्यावर झिपरीची शेपूट खाली. म्हणजे बुडापाशी थोडी सरळ आणि पुढे नुसती लोंबती, हात लावला की कुरकुरायची, बसताना वाकडी बसायची. मी घाबरले, मोडली की काय. व्हेटला व्हिडिओ पाठवला, ते म्हणाले पाण्यात खेळणाऱ्या कुत्र्यांना होतं असं, गार पाणी आणि जास्त पोहणं यामुळे शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावतात, विश्रांती द्या, माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका, दोन-चार दिवसांत फरक पडला नाही तर घेऊन या. नेऊन दाखवायची वेळ आली नाही. आठवड्याभरात शेपूट पूर्ववत, टीपॉयवरचा कप तिने तिच्याच फटक्याने खाली पाडला. टेंट तेवढा अजून गच्चीत वाळत पडलाय, ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरेल.